एका डब्यात गेलेला जव

"आज्जी, दोन्ही पिशव्या वेगळ्या हायत ना?" माझ्या नातीनं लातूरहून फोनवर विचारलं, आणि मी "हाव" म्हणाले.

ह्या एका "हाव"पायी माझे पुढचे दिवस कसे गेले ते सांगते. मी कधी खोटं बोलत नाही असं म्हणणार नाही. शेजारणीला तुझी पुरणपोळी लई मऊ झाली असं मी कैकदा म्हणालेय. पण ते खोटं तोंडातून निघालं की संपतं. हे संपेना. फोन ठेवला, उठले, स्वैपाकघरातल्या फळीवरून डबा खाली काढला, झाकण उघडून बघितलं, झाकण लावलं, डबा वर ठेवला. बाहेर येऊन बसले. बसते न बसते तोच परत उठले. डब्यात बघून काय होणार होतं? सकाळी जे एकत्र आहे ते दुपारी आपोआप वेगळं होत नसतं. तरी पाय तिकडंच जायचे.

आधी पिशव्यांचं सांगायला पाहिजे.

ही नात माझ्या थोरल्या लेकाची. आम्ही कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि ती लातूरला शेतीचं शिकते. एक डिग्री झाली, आता त्याच्या वरची चालू आहे. तिचा विषय जव. आता आमच्याकडं जव कोण पेरतं? सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, कुठं पाणी असलं तर हळद. जव म्हणजे घटाला मूठभर आणि होमाला मूठभर, दुकानातून आणायचा आणि विसरायचा. ती पहिल्यांदा म्हणाली, "मी जवावर काम करून राहिले," तेव्हा मी विचारलं, "बाई, दुसरं कोणतं धान्य शिल्लक नव्हतं का?"

गणपतीत ती घरी आली तेव्हा दोन लहान पिशव्या घेऊन आली. मांजरपाटाच्या, तिनंच शिवलेल्या, तळहाताएवढ्या. एकीला लाल दोरा बांधलेला, दुसरीला पांढरा. दोन्हीत दीडदोन मुठी जव. साधा जव कुसळाचा, सालीला घट्ट धरलेला असतो. हा तसा नव्हता. गव्हासारखा उघडा, साल मळणीतच सुटलेली. तिच्या सरांनी कुठून लांबून मागवलेलं बी, तिनं दोन वर्षं लावून वाढवलेलं. म्हणाली, "अर्धं बी कॉलेजात हाय, अर्धं तुझ्यापाशी ठेवते. तिकडं काही झालं तर हे राहील."

"आणि हे दोन दोरे कशापायी?"

"दोन जाती हायत. दिसायला एकच, आतून वेगळ्या."

आतून वेगळ्या म्हणजे काय, ते तिनं मला मागल्या उन्हाळ्यातच समजावलं होतं, आमच्या अंगणात, कुरडयांच्या दिवशी. कुरडया ही माझी खासियत आहे, आपल्या तोंडानं सांगू नये पण सांगते. गल्लीतल्या सात-आठ घरांचा चीक माझ्या नजरेखालून जातो. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, फडक्यातून पिळायचा, रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं आंबूस पाणी ओतून दिलं की तळाला पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. तो मिठा-हिंगाच्या पाण्यात शिजवायचा आणि सोऱ्यातून उन्हात घालायचा. चीक शिजला का नाही ते मी बोटानं सांगते. बायका विचारतात किती वेळ, मी म्हणते वेळ नाही, बोट.

नात शेजारी बसून सोऱ्या फिरवत होती. म्हणाली, "आज्जी, तू करून राहिलीस ना, हेच आम्ही प्रयोगशाळेत करतो. धान्यातून स्टार्च काढायचा, तळाला बसू द्यायचा, वाळवायचा."

"मग तुझ्या सरांला सांग, मला पण एक डिग्री द्या म्हणावं."

ती हसली आणि मग नीट सांगायला लागली. ह्या चिकात, म्हणजे स्टार्चात, दोन तऱ्हा असतात. एक सरळ, लांब, सुताच्या धाग्यासारखी. दुसरीला फांद्या फुटलेल्या, बाभळीसारखी. सगळ्या धान्यात दोन्ही मिसळलेल्या. शिजवलेला चीक थंड व्हायला लागला की सरळ धागे एकमेकाला लागून निजतात, म्हणून चीक धरतो, कुरडई आकार सोडत नाही, ताटात थापला तर वडी पडते. फांद्यावाले काही केल्या निजत नाहीत, कारण ह्याची फांदी त्याच्या बरगडीत जाते. आणि काही जव असा निघतो की त्यात सरळ धागा जवळपास नाहीच, सगळा फांद्यांचा. तो शिजला की मेणचट, चिकट, आणि दुसऱ्या दिवशीपण तसाच.

"वडी पडणार न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई पडणार."

"मग असल्या जवाचा उपयोग काय?"

"तेच तर शोधून राहिले आज्जी. आपल्या मातीत तो येतो का, आला तर तसाच राहतो का."

लाल दोऱ्यात तो मेणचट. पांढऱ्यात साधा, दोन्ही मिसळलेला. मला हे सगळं नीट कळलं होतं, तेच तर वाईट. काही कळलं नसतं तर गलती झाली म्हणून मोकळी झाले असते.

आता डब्याचं.

घट बसायच्या आधी आमच्या घरात सगळं धान्य उन्हात निघतं. डबे, कोठ्या रिकाम्या होतात, धुऊन पालथ्या पडतात. बियाण्याला गोवरीची राख चोळायची, कडुलिंबाचा पाला घालायचा, परत भरायचं. ही आमच्या सासूबाईंची शिस्त. त्यांची अजून एक शिस्त होती. एकाच धान्याच्या दोन राशी घरात वेगळ्या ठेवायच्या नाहीत. घट बसायच्या आत एक करायच्या. ज्वारी एका कोठीत, गहू एका कोठीत, मग ते दोन रानातून आलेले असोत. दोन ठिकाणी राहिले की घरात फूट पडते, असं त्या म्हणायच्या. मी तरुणपणी मनातल्या मनात हसायची. ज्या साली मी आळस केला आणि हरभरा दोन पोत्यांत तसाच ठेवला, त्या साली माझी दोन्ही लेकरं वेगळी झाली. भांडण झालं नाही. धाकटा हिमायतनगरला नोकरीला होता, त्याला त्याच्या वाटणीचं रान हवं होतं, थोरला म्हणाला घे. दोघं एका दुपारी दोरी घेऊन गेले आणि बांध घालून आले. घरी येऊन दोघांनी एका ताटात जेवण केलं. मी तेव्हापासून हरभऱ्याचं कुणाला बोलले नाही, पण हात आपला आपण चालतो.

त्या दिवशीपण हातच चालला. उन्हात शेवटी ह्या दोन पिशव्या राहिल्या. जव आणि जव. मी दोरे सोडले, खुंटीला अडकवले, कारण दोरा मी टाकत नाही. दोन्ही पिशव्या एका पितळी डब्यात ओतल्या, राख चोळली, पाला घातला, डबा हलवला. चांगला हलवला, राख सगळीकडं लागावी म्हणून. झाकण लावताना जिवाला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून आठवतं.

दसरा झाला आणि चार दिवसांनी तो फोन आला. कॉलेजातल्या बियाण्याला किडा लागला होता. दाणे आतून पोकळ, हाताला नुसतं पीठ. "आता तुझ्यापाशी हाय तेवढंच बी," ती म्हणाली. "पुढल्या सोमवारी न्यायला येते. दिवाळीच्या आत पेरायचं, सर म्हणाले ह्यापुढं उशीर केला तर ह्या साली न्हाई. मग माझं एक वरीस गेलं, आज्जी." आणि मग तिनं विचारलं, दोन्ही पिशव्या वेगळ्या हायत ना.

फोन ठेवून मी डबा बघून आले हे सांगितलंच.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. पांढऱ्या ताटात मूठभर जव पसरून उन्हात बसायचं आणि निवडायचं. तांदळातले खडे मी बोलता बोलता काढते, मग हे का नाही निघणार? एक दाणा जरा पिवळा वाटायचा, एक जरा फिका. पिवळे इकडं, फिके तिकडं. तासाभरानं दोन्ही ढीग बघितले तर दोन्हीत दोन्ही. चष्मा पुसला. परत केलं. पाण्यात टाकून बघितले, तरंगेल तो एक, बुडेल तो दुसरा. सगळे बुडाले. घाईनं फडक्यावर वाळवले, कोंब फुटला तर तेही जायचे. दातानं फोडून बघितले, माझे खालचे चार दात अजून माझेच आहेत. चव एकच.

तिसऱ्या दिवशी वीस दाणे मोजून शिजवले. मऊ झाले तसे बशीत काढले, गार होऊ दिले आणि एकेक दोन बोटांत दाबला. आणि बोटाला कळलं. एक दाणा दाबला की तुटायचा, तुकडा पडायचा. दुसरा दाबला की बोटाला बोट चिकटायचं आणि सोडवलं की बारीक तार निघायची. वीसपैकी अकरा चिकट, नऊ सुटे. क्षणभर मला असा आनंद झाला की काय सांगू. मग ध्यानात आलं की शिजलेला दाणा पेरता येत नाही. मला वेगळे ओळखता येत होते, पण मारल्यावर.

त्यानंतर तर मी घरात कुणाच्या कामाची राहिले नाही. दूध उतू गेलं. देवापुढं दिवा लावला का नाही आठवेना, म्हणून दोनदा लावला. झाडू हातात घेऊन अंगणात गेले आणि तशीच परत आले. माझी सून, म्हणजे नातीची आई, चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी वरण वाढताना म्हणाली, "आत्याबाई, आज मीठ तीनदा पडलंय. त्या डब्यात काय हाय ते तरी सांगा, म्हणजे आम्ही खारट का खाऊन राहिलो ते तरी मालूम होईल."

मी सांगितलं. तिनं पळी खाली ठेवली.

"तिला फोन लावू का?"

"फोनवर न्हाई. फोनवर एकदा खोटं बोलले मी. आता समोर जाऊन सांगते."

"ती सोमवारी येणारच हाय."

"सोमवारपर्यंत मी राहत न्हाई," मी म्हणाले. सून म्हणाली, "राहाल हो, पण आमचं काय होईल सांगता येत न्हाई," आणि माझी पिशवी भरायला उठली. मला तिचं हे आवडतं. बोलते, पण उठते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंधारहून बस धरली. डबा मांडीवर, पदराखाली. अहमदपूर आलं, गाडी थांबली, लोक उतरले, चढले. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "लाडू का?" मी म्हणाले, "न्हाई, जव." ती म्हणाली, "होम हाय का घरी?" मी म्हणाले, "तसंच समजा." चाकूरच्या पुढं गाडी रस्त्याच्या कामात अडकली. मी चारदा विचारलं, किती वेळ, किती वेळ. कंडक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही खाली उतरून पळालात तर आमच्या आधी पोचाल." सगळे हसले. मीपण हसले, पण खरं सांगते, उतरावं असं वाटलं होतं.

नातीची खोली एका बोळात, वरच्या मजल्यावर. खोलीतली मैत्रीण गावाला गेलेली, ती एकटीच होती. मला दारात बघून तिचा चेहरा आधी खुलला, मग डबा बघितला आणि थांबला.

"दोन पिशव्या कुठं हायत?"

मी डबा खाली ठेवला, वर रिकाम्या पिशव्या ठेवल्या, त्यावर दोन दोरे. "एक केल्या मी. घटाच्या आधी. आणि तुला खोटं बोलले."

ती रागावली असती तर मला बरं पडलं असतं. ती खाली बसली. डब्यात हात घातला, दाणे वर काढले, परत सोडले. मग म्हणाली, "तुला सांगितलं होतं ना मी. सगळं सांगितलं होतं. कुरडयांच्या दिवशी."

"हाव. सगळं कळलं होतं."

"मग?"

मी तिला सासूबाईंचं सांगितलं, हरभऱ्याचं सांगितलं, तिचा बाप आणि चुलता दोरी घेऊन गेले त्या दुपारचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबा आणि काका वेगळे झाले म्हणून माझा जव एक केलास तू." असं तिनं म्हटल्यावर मला ते पहिल्यांदा तसं ऐकू आलं. मी उठून खिडकीपाशी गेले. खाली एक माणूस गाडीवर पेरू विकत होता. परत येऊन बसले.

"वीस शिजवले मी," मी म्हणाले. "अकरा चिकट, नऊ सुटे. बोटाला बराबर कळतं."

तिनं मान वर केली. "तुला कळले?"

"कळले. पण शिजवून काय उपयोग."

"आम्हीपण ओळखतो," ती म्हणाली. "टिंचरनं. दाण्याचं पीठ करायचं, त्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. सरळ धागा असला तर निळा-काळा होतो, कारण आयोडीन धाग्याच्या वेटोळ्यात अडकतं. नुसत्या फांद्या असल्या तर तांबूस. पण पीठ केलं की दाणा गेलाच ना."

"सगळा दाणा कशाला दळायचा?" मी म्हणाले.

ती बघायला लागली.

आता ही काही माझी अक्कल नाही. आमच्याकडं हळद लावतात तेव्हा मोठ्या गड्ड्याचे तुकडे करतात. तुकड्याला डोळा असला म्हणजे झालं, बाकीचा कमी असला तरी उगवतो. उसाचं बेणं तसंच. मी म्हणाले, "जवाला कोंब कोणत्या टोकाला येतो? घटात मी दरसाल बघते. एकाच टोकाला. मग दुसरं टोक काप. त्याचं काय ते टिंचर कर. डोळ्याचा अर्धा ठेवून दे."

तिनं एक दाणा उचलून दोन्ही टोकं बघितली. मग म्हणाली, "पुस्तकात हाय हे. असं करतात. माझ्या डोक्यातच आलं न्हाई." आणि चप्पल घालून मेडिकलवर पळाली.

टिंचर आलं. वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, बिनदुधाच्या चहासारखा रंग झाला. आता कापायचं कशानं? माझ्या पानाच्या पिशवीत अडकित्ता होता. पहिला दाणा धरला, दाबला, तो खोलीच्या कोपऱ्यात गेला. दुसऱ्याचा भुगा. तिसरा सापडलाच नाही. नात म्हणाली, "आज्जी, असं केलं तर सगळं बी पलंगाखाली पेरून होईल." मग ब्लेड आणलं, तिचं बोट कापलं. शेवटी तिच्या मैत्रिणीचं नेलकटर घेतलं. नखाच्या मापाचा दाणा, नखाच्या मापाचं हत्यार. टचकन टोक सुटायचं, डोळ्याचा भाग हातात.

तिनं मोठ्या कागदावर चौकोन आखले. डोळ्याचा अर्धा चौकोनात, त्याचं कापलेलं टोक स्टीलच्या ताटात त्याच जागी. मी कापायची, ती थेंब टाकायची. थोडं थांबलं की ताटात रंग चढायचे. एक दाणा जांभळासारखा काळा व्हायचा, त्याच्या शेजारचा काताच्या पाण्यासारखा तांबूस. किती दिवस ताटात बघून माझे डोळे दुखले होते आणि आता ताटच सांगत होतं, हा इकडचा, हा तिकडचा.

दोन दिवस तेच केलं. मला एका जागी बसवत नाही, तरी बसले. पाठ धरली, अंगठा सुजला. मधूनच उठायची, चार पावलं चालायची, परत बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "आज्जी, काकाकडं तू किती दिवस झाले गेली न्हाईस?" मी म्हणाले, "बांध पडल्यापासून न्हाई गेले." ती म्हणाली, "काकूनं मला दोनदा विचारलं, आज्जी रागावल्या का म्हणून." मी नेलकटर दाबलं आणि चुकून डोळाच उडवला. ताटातून तो दाणा बाजूला ठेवला. "तुला कोणी बोलायला सांगितलं का मधेच," मी म्हणाले. तिनं पुढचा थेंब टाकला.

सगळा डबा झाला नाही. हाताला जेवढं आलं तेवढं झालं, दोन्हींच्या मिळून काही ओळी होतील इतकं. तिनं दोन पिशव्यांत भरलं. दोरे मी बांधले. लाल कोणता पांढरा कोणता, तिला तीनदा विचारून बांधले. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आता तू विचारू नको, मलाच शंका येऊन राहिली."

सरांना तिनं सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले म्हणे, कापलेले दाणे उगवले तर ठीक, नाही उगवले तर मी काही करू शकत नाही. आणि काढणीनंतर परत तपासायचं, कारण एखादा चुकीचा दाणा मिसळला असेल तर सगळ्या कामाला अर्थ नाही. पेरणी झाली. मी गावी परत आले.

पुढचे दिवस मी रोज सकाळी फोन करायची. "उगवलं का?" न्हाई. "आज?" न्हाई, आज्जी, तीनच दिवस झालेत. कापलेल्या दाण्याला अन्न कमी, तो जोर लावून वर येतो का मातीतच सडतो, कोण सांगणार. मी घरी एका कुंडीत डब्यात उरलेले काही दाणे टोक कापून लावून ठेवले होते. उठसूट माती बोटानं उकरून बघायची. सून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही असं उकरलं तर तो वर यायच्या आधी तुम्हीच त्याला वर काढाल." सातव्या दिवशी कुंडीत एक हिरवी सुई दिसली. मी लातूरला फोन लावला तर नातीचा फोन लागेना, ती मलाच लावत होती. तिकडंपण आलं होतं. सगळं नाही. ओळीत जागोजागी खाडे होते. लाल दोऱ्याच्या ओळीत जास्त.

"पुरंल का?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "आलंय ते तरी खरं हाय का ते बघू."

फाल्गुनात काढणी झाली. ती दोन्हींचा एकेक ओंजळ जव घेऊन घरी आली. कॉलेजात तपासणी होणारच होती, पण तिला आधी बघायचं होतं. "तुझ्या बोटानं," ती म्हणाली. मी दोन पातेल्यांत वेगळा भिजवला, वेगळा वाटला. जवाचा चीक गव्हासारखा शहाणा नसतो. पाणी बुळबुळीत होतं, फडक्यातून उतरत नाही, तीन-तीनदा पाणी घालून पिळावं लागतं. लाल दोऱ्याचा तर जास्तच. तरी सकाळपर्यंत दोन्ही पातेल्यांच्या तळाला पांढरी साय बसली. दोन वाट्यांत दोन शिजवले, दोन बशांत ओतले आणि खिडकीत ठेवले.

एवढं झाल्यावर गार होईपर्यंत थांबायचं होतं. लालमध्ये साध्या जवाचे दाणे शिरले असतील तर तो थोडा तरी धरणार, वडी नाही तरी थरथरता गोळा होणार. शिरले नसतील तर धरणार नाही. मी बोट पुढं केलं.

"आज्जी, हात लावू नको. अजून गरम हाय."

"न्हाई लावत," म्हणाले आणि लावला. गरमच होता. बाहेर गेले, कोंबड्यांना दाणे टाकले, परत आले. सून म्हणाली, "बसा ना एका जागी." बसले. उठले. नात बशीकडं बघत भिंतीला टेकून बसली होती, तिचं आपलं एकच, अंगठ्याचं नख दातात.

मग तिनं सुरी घेतली. पांढऱ्या दोऱ्याच्या बशीत रेघ मारली, रेघ तशीच राहिली. दुसरी आडवी मारली आणि वडी उचलली. मग सुरी माझ्यापुढं केली. मी सुरी घेतली नाही, बोटच घातलं. लाल दोऱ्याचा चीक बोटाबरोबर वर आला, लांब तार होऊन, आणि बशीत परत पसरला. खड्डा भरून गेला, जसा काही कधी पडलाच नव्हता. मी परत बोट घातलं. परत तसंच. तिसऱ्यांदा नातीनं माझा हात धरला.

"पुरे आज्जी."

तिनं सरांना फोन लावला. मी फळीपाशी गेले. दोन्हींतलं थोडं नवं बी न भिजवता ठेवलं होतं, ते पिशव्यांत भरलं. लाल दोरा, पांढरा दोरा. एक पिशवी डाव्या फळीवर ठेवली, एक उजव्या. वर सासूबाईंचा फोटो आहे, तिकडं बघितलं नाही. मग परत गेले, डाव्या फळीवरची उचलून बघितली, दोरा लालच होता, ठेवली. संध्याकाळी सुनेला म्हणाले, उद्या धाकट्याकडं जायला हिमायतनगरची गाडी किती वाजता हाय ते बघ जरा.